मेसेज येतो, पण मोटर ऐकत नाही: जीएसएम मोडेमचे मेसेज मायक्रोकंट्रोलरवर वाचताना येणारे बिघाड

मेसेज पाठवून विहिरीवरची मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्याबद्दल हे लिहितोय. त्यातला मोडेम मोबाईलच्या जाळ्यावरून मेसेज घेतो आणि मायक्रोकंट्रोलर ही चिप तो वाचून मोटरला हुकूम देते. आधी लक्षणं. यातलं कुठलं तुमच्याकडे दिसतंय ते बघा, पुढे कुठून सुरुवात करायची ते त्यावरच ठरतं.

- डबा बसवल्यावर काही दिवस सगळे मेसेज नीट चालतात आणि एके दिवशी मोडेम बहिरा होतो. दिवा लुकलुकतो, फोन लावला तर रिंग जाते, पण मेसेजचा काही उपयोग होत नाही.
- ‘स्टॉप’ चालतो, ‘स्टार्ट १२० मिन’ चालत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर पूर्ण येतो आणि मजकूर मधेच तुटतो.
- मजकुराऐवजी ०७९११९ने सुरू होणारी लांबलचक माळ येते.
- किंवा ०९१ए०९३ई अशी, चार-चार अक्षरांच्या गटांची माळ येते.
- स्क्रीनवर शब्द बरोबर दिसतो, तरी प्रोग्राम म्हणतो जुळत नाही.
- कुणी मेसेज केलेला नसताना मोटर चालू होते.
- काल संध्याकाळी पाठवलेला ‘स्टार्ट’ आज पहाटे अमलात येतो.
- घरी टेबलावर सगळं चालतं आणि विहिरीवर नेलं की बंद पडतं.

मी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतः बनवलेले किंवा कॉलेजच्या मुलांकडून बनवून घेतलेले मोटर चालू करायचे डबे दुरुस्त करतो. रात्रीच्या पाळीची लाईट आली की उसातून चालत विहिरीवर जायचं आणि त्याच उसात बिबट्या असतो, ही इथली रोजची भीती आहे. त्यामुळे ‘मेसेजवर मोटर’ हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही. डबा दहातून नऊ वेळा चालला तर दहाव्या वेळी माणूस बॅटरी घेऊन अंधारात निघतो. म्हणून हा बिघाड मुळापासून काढला पाहिजे. रीसेटचं बटण दाबून ‘झालं एकदाचं’ म्हणणं मला पटत नाही.

बहुतेक डब्यांत आत आर्डुइनो उनो किंवा नॅनो असतो, म्हणजे एटीमेगा३२८पी, आणि सोबत सिम८००एल किंवा सिम९००ए मोडेम. पुढचं सगळं त्यांना धरून लिहिलं आहे. नव्या ४जी मोडेमलाही यातलं बरंचसं लागू पडतं, कारण आज्ञा त्याच आहेत. आज्ञा मी देवनागरीत लिहितोय. मोडेमला पाठवताना तीच अक्षरं रोमनमध्ये आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे. मोटरला पाठवायच्या ‘स्टार्ट’, ‘ऑन’ वगैरे शब्दांचंही तसंच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण मजकूर ओळखणारा कोड दहा वेळा बदलून आलेला असतो. चूक बहुतेक वेळा तिथे नसतेच. एक तर बाइट (मोडेमकडून येणारी एकेक अक्षरं) वाटेतच सांडलेले असतात, नाहीतर मोडेम गुपचूप रीसेट होऊन वेगळ्याच पद्धतीने बोलायला लागलेला असतो. तेव्हा मोडेम नेमकं काय म्हणतोय ते कच्च्या रूपात पाहिल्याशिवाय कोडच्या एकाही ओळीला हात लावू नका.

पैसे न लागणारी तपासणी: सिम साध्या फोनमध्ये

सिम काढा, साध्या फोनमध्ये घाला आणि त्या नंबरवर मेसेज करा. आला नाही तर बिघाड डब्यात नाहीच. रिचार्ज संपलेला असतो, किंवा सिमला पिन लावलेला असतो. पिन असेल तर फोनमधूनच काढून टाका, कारण लाईट गेली-आली की मोडेम पिन मागत बसतो आणि तो द्यायला तिथे कोणी नसतं.

फोनमध्ये सिम चालतंय पण मोडेममध्ये नाही, तर सिम कुठल्या कंपनीचं आहे ते बघा. सिम८०० आणि सिम९०० हे फक्त २जीचे मोडेम आहेत. जिओचं २जी जाळंच नाही, त्यामुळे ते सिम यात कितीही प्रयत्न केला तरी लागणार नाही. हे माहीत नसल्यामुळे नवेकोरे मोडेम खराब समजून फेकलेले मी पाहिले आहेत.

मोडेमवरचा दिवाही बघा. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर तो अजून नेटवर्क शोधतोय. तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर नेटवर्क मिळालं.

मोडेमशी थेट बोला

यूएसबी ते टीटीएल जोडणारी छोटी पट्टी घ्या, सीपी२१०२ची किंवा सीएच३४०ची. या कामात इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. मोडेम आर्डुइनोपासून सोडवा आणि पट्टीने थेट लॅपटॉपला जोडा. ग्राउंड एकत्र असलाच पाहिजे. ग्राउंडची तार विसरल्यामुळे कचरा अक्षरं येतात आणि लोक बॉड रेट (बोलण्याचा वेग) बदलत बसतात. पट्टीवर व्होल्टेज निवडायची सोय असेल तर ३.३ ठेवा.

लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममधून ‘एटी’ पाठवा, ‘ओके’ यायला हवं. पहिल्या एक-दोन वेळेला उत्तर नाही आलं तर घाबरू नका: मोडेम समोरच्याचा वेग ओळखण्यात गुंतलेला असतो. पण हा वेग ओळखायचा खेळ कायमचा बंद करा. ‘एटी+आयपीआर=९६००’ आणि मग ‘एटी&डब्ल्यू’ दिलं की वेग पक्का होतो. याचं खरं कारण पुढे विजेच्या भागात येईल: वेग पक्का असेल तर मोडेम उठल्यावर ज्या ओळी स्वतःहून पाठवतो त्या तुम्हाला भरवशाने दिसतात.

आता क्रमाने हे विचारा:

एटी+सीपिन? — ‘रेडी’ यायला हवं.
एटी+सीआरईजी? — ०,१ म्हणजे घरच्या नेटवर्कवर, ०,५ म्हणजे रोमिंगवर. ०,२ म्हणजे शोध चालू. ०,३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं.
एटी+सीएसक्यू — पहिला आकडा ० ते ३१. ९९ म्हणजे काही कळत नाही. दहाच्या खाली असेल तर आधी अँटेना, मग बाकीचं.
एटी+सीएमईई=२ — यापुढे चुका आकड्यांऐवजी शब्दांत सांगेल. हे दिल्याशिवाय काम सुरूच करू नका.

इथे सगळं बरोबर असेल तर फोनवरून एक मेसेज पाठवा आणि स्क्रीनवर काय येतं ते जसंच्या तसं वहीत उतरवा. ओळीच्या शेवटी न दिसणारी दोन अक्षरं असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. टर्मिनलमध्ये हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ यांत लिहिलेला अक्षराचा आकडा) दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. पुढची निम्मी भांडणं या दोन अक्षरांवरून होतात.

मोडेमच्या सवयी

चार आज्ञांनी मोडेम कसा बोलणार ते ठरतं.

‘एटीई०’ने प्रतिध्वनी बंद होतो. तो चालू असेल तर तुम्ही पाठवलेली आज्ञाच परत येते आणि तुमचा प्रोग्राम तिलाच उत्तर समजतो.

‘एटी+सीएमजीएफ=१’ने मेसेज मजकुराच्या रूपात येतात. हे ० असेल तर मेसेज पीडीयू रूपात येतो, म्हणजे ०७९११९ची माळ. त्या माळेचं कारण सोपं आहे: ०७ ही मेसेज केंद्राच्या नंबरची लांबी, ९१ म्हणजे आंतरराष्ट्रीय नंबर, आणि १९ म्हणजे भारताचा ९१, आकड्यांच्या जोड्या उलट्या लिहिल्यामुळे. ही माळ दिसली की समजायचं, मोडेम मजकूर-पद्धत विसरलाय. तो का विसरला, हा त्यापुढचा आणि खरा प्रश्न.

‘एटी+सीएससीएस’ने अक्षरसंच ठरतो. तो ‘जीएसएम’ किंवा ‘आयआरए’ असू दे. ‘यूसीएस२’ (प्रत्येक अक्षराला चार हेक्स आकडे) झाला असेल तर नंबरसुद्धा ००२बी००३९००३१ असा येईल. ‘जीएसएम’ संचातली एक खोच लक्षात ठेवा: त्यात ‘@’ या चिन्हाचा बाइट शून्य आहे, आणि सी भाषेत शून्य म्हणजे शब्द संपला. कुणी पासवर्डमध्ये ‘@’ ठेवला की मेसेज तिथेच कापला जातो. मी सरळ सांगतो, पासवर्ड आकड्यांचाच ठेवा.

‘एटी+सीएनएमआय’ सगळ्यांत महत्त्वाची. २,२,०,०,० दिलं तर मेसेज येताक्षणी पूर्ण मजकूर ‘+सीएमटी’ या ओळीमागून थेट येतो, आणि सिममध्ये साठत नाही. २,१,०,०,० दिलं तर फक्त ‘+सीएमटीआय: "एसएम",३’ अशी वर्दी येते; मेसेज सिमच्या तिसऱ्या खणात सुरक्षित असतो आणि ‘एटी+सीएमजीआर=३’ म्हणून तुम्ही तो सवडीने वाचायचा. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने पहिली पद्धत वापरतात, कारण कोड छोटा होतो. मोटरच्या डब्यासाठी मी नेहमी दुसरीच वापरतो. कारणं पुढे येतीलच.

सिमची मेमरी भरली का?

‘काही दिवस चालला आणि बहिरा झाला’ या लक्षणाचं हे सर्वांत नेहमीचं कारण. ‘एटी+सीपीएमएस?’ विचारा. उत्तरात किती खण वापरलेत आणि एकूण किती आहेत ते येतं. दोन्ही आकडे सारखे असतील तर सिम भरलंय, आणि नवा मेसेज आत घ्यायला जागा नाही. मेसेज केंद्र तो धरून ठेवतं, मोडेम गप्प.

‘एटी+सीएमजीडी=१,४’ने सगळे मेसेज पुसले जातात. पण हे एकदा हाताने करून उपयोग नाही. मेसेज वाचून, काम करून झालं की तो खण पुसायचा, हे प्रोग्राममध्येच हवं. आणि डबा चालू होताना एकदा सगळं पुसून घ्यायचं. कंपन्यांचे जाहिरातीचे मेसेजही त्याच खणांत बसतात, तेव्हा अनोळखी नंबरचा मेसेजही न वाचता सोडू नका, पुसा.

वीज: मीटर खोटं बोलतो ती जागा

मोडेम मजकूर-पद्धत का विसरतो? कारण तो रीसेट झालेला असतो. आर्डुइनोला याचा पत्ताच नसतो. त्याने सुरुवातीला एकदा सेटिंग दिलेलं असतं आणि तो त्याच भरवशावर असतो.

जीएसएम मोडेम सलग पाठवत नाही, ठोके देतो. दर ४.६ मिलिसेकंदांनी सुमारे ०.५८ मिलिसेकंदांचा एक ठोका, आणि त्या ठोक्यात तो २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. मीटरवर निवांत ४.० व्होल्ट दिसत असतात, आणि त्याच वेळी प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज खाली कोसळत असतं. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून तो चालवणं दोन्ही बाजूंनी चूक: व्होल्टेज जास्त आणि करंट अपुरा.

‘टेबलावर चालतं, विहिरीवर नाही’ याचा उलगडाही इथेच आहे. घरी टॉवर जवळ असतो, मोडेम कमी ताकदीने बोलतो. खळग्यातल्या विहिरीवर रेंज कमी, म्हणून तो पूर्ण ताकदीने ओरडतो, करंट वाढतो, आणि जी वीज घरी पुरत होती ती तिथे कमी पडते. दिसायला हा रेंजचा बिघाड वाटतो, असतो विजेचा.

ओळखायचं कसं? कच्च्या ओळींमध्ये मधेच ‘कॉल रेडी’, ‘एसएमएस रेडी’ अशा ओळी आल्या तर मोडेम नुकताच उठलाय. ‘अंडर-व्होल्टेज’ची ओळ आली तर त्याने स्वतःच कबुली दिली. ‘एटी+सीबीसी’ने तो स्वतःला मिळणारं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये सांगतो.

उपाय स्वस्त आहे. एलएम२५९६सारखा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारी पट्टी) ४.० व्होल्टवर बसवा, मोडेमच्या पायांना अगदी लगटून १००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर लावा, आणि विजेच्या तारा आखूड व जाड ठेवा. ब्रेडबोर्डच्या केसासारख्या तारांवरून २ अँपिअर जात नाहीत. त्याच वेळी आर्डुइनोच्या टीएक्सकडून (पाठवणारा पाय) मोडेमच्या आरएक्सकडे (ऐकणारा पाय) जाणाऱ्या तारेवर दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ५ व्होल्टचे २.५ करा, मोडेमचे पाय २.८ व्होल्टच्या जगातले आहेत.

आणि प्रोग्राममध्ये: ‘एसएमएस रेडी’ दिसलं की चारही सेटिंग पुन्हा पाठवा. शिवाय दर दहा मिनिटांनी ‘सीएमजीएफ?’ विचारून १ आहे ना ते बघा. वीज सुधारल्यावरही हे राहू द्या.

चौसष्ट बाइटांची बादली

आता कोड. पण अजूनही मजकूर ओळखण्याचा कोड नाही, तो आत घेण्याचा.

आर्डुइनोमध्ये सिरीयलवरून आलेली अक्षरं एका छोट्या बफरमध्ये पडतात. उनोवर तो ६४ बाइटांचा असतो, हार्डवेअर सिरीयल असो वा सॉफ्टवेअर सिरीयल, आणि त्यात एका वेळी ६३ मावतात. तुम्ही अक्षरं उचललीत तर जागा होते. नाही उचललीत तर बादली भरते आणि पुढचं पाणी बाहेर सांडतं, कसलाही आवाज न करता.

हिशोब करून बघा. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं येतात, म्हणजे ६४ अक्षरांना ६७ मिलिसेकंद. भारतातल्या नंबरवरून आलेल्या ‘+सीएमटी’च्या ओळीत नंबर, रिकामं नाव, तारीख-वेळ आणि अवतरणचिन्हं धरून ४७ अक्षरं होतात, ओळीच्या आधीची आणि नंतरची न दिसणारी दोन-दोन मिळून ५१. राहिली १२ जागा. तुमचा प्रोग्राम त्या क्षणी ‘डिले ५००’मध्ये झोपलेला असेल, तर मजकुराची पहिली १२ अक्षरं टिकतात आणि बाकीची गेली.

म्हणून ‘स्टॉप’ चालतो. रोमनमध्ये चार अक्षरं, बसतात. ‘स्टार्ट १२० मिन’ रोमनमध्ये १३ भरतात. शेवटचं अक्षर गेलं आणि त्याबरोबर ओळ संपल्याची खूणही गेली, आता प्रोग्राम न येणाऱ्या ओळीच्या शेवटाची वाट बघत राहतो. माणसाला वाटतं ‘स्टार्ट’ शब्दातच काहीतरी गडबड आहे आणि तो शब्द बदलत बसतो. असं एका मुलाने आठ दिवस केलं होतं. त्याच्या कोडमध्ये डिस्प्लेवर ‘स्वागत’ अक्षरं सरकवणारा एक डिले होता, तेवढा काढला आणि डबा चालायला लागला.

बफर वाढवता येतो, लायब्ररीच्या फाइलमध्ये आकडा बदलून. पण उनोकडे एकूण रॅम २ किलोबाइट आहे, आणि बादली मोठी केल्याने नळाखाली झोपायची सवय सुटत नाही. खरा उपाय हा: लूपमध्ये कुठेही मोठा डिले नको. वेळ मोजायची तर ‘मिलिस’ने मोजा. प्रत्येक फेरीत जितकी अक्षरं आली असतील तितकी उचला आणि आपल्या २०० अक्षरांच्या साध्या अ‍ॅरेमध्ये एकेक टाका. लाइन फीड आलं की ओळ पूर्ण. कॅरेज रिटर्न टाकून द्या. अ‍ॅरे भरत आला तर पुढची अक्षरं सोडा, पण हद्द ओलांडू नका. शेवटी शून्य बाइट ठेवायला विसरू नका. मोठ्या एस-वाली ‘स्ट्रिंग’ इथे वापरू नका. ती थोडी-थोडी मेमरी घेते-सोडते, मधे भोकं पडत जातात, आणि पंधरा दिवसांनी डबा का अडकला ते कुणालाच कळत नाही.

सॉफ्टवेअर सिरीयलबद्दल अजून एक: ते एका वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. तुम्ही आज्ञा पाठवत असताना मोडेम काही बोलला तर ते शब्द बिघडतात. १,१५,२०० बॉडवर तर त्याच्यावर अजिबात विसंबू नका. आणि म्हणूनच मला ‘सीएमटीआय’ची पद्धत आवडते. वर्दीची ओळ आखूड असते, सांडायची शक्यता कमी. ती सांडली तरी मेसेज सिममध्ये शाबूत असतो. मिनिटाला एकदा ‘एटी+सीएमजीएल="आरईसी अनरीड"’ विचारलं की राहिलेला मेसेज सापडतो. थेट मजकुराच्या पद्धतीत सांडलेला मेसेज कायमचा गेला.

ओळ ओळखणं

मोडेमचं बोलणं म्हणजे प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर असं शिस्तीत येईल, हे गृहीत धरू नका. तुम्ही सिग्नल विचारलात आणि उत्तराच्या आधीच ‘रिंग’ किंवा ‘+सीएमटीआय’ येऊ शकतं. ‘आज्ञा पाठवली, आता पुढची ओळ म्हणजे तिचं उत्तर’ असा कोड इथे फसतो. प्रत्येक ओळ तिच्या सुरुवातीवरून ओळखा, आणि प्रोग्राम सध्या कुठल्या अवस्थेत आहे ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवा.

माझ्याकडे तीन अवस्था पुरतात. पहिली, मोकळा: इथे ‘+सीएमटीआय’ आलं तर शेवटच्या स्वल्पविरामानंतरचा आकडा लिहून ठेवायचा. दुसरी, शीर्षकाची वाट: ‘सीएमजीआर’ पाठवून झालंय, ‘+सीएमजीआर:’ने सुरू होणारी ओळ आली की तिच्यातून नंबर आणि वेळ काढायची. तिसरी, मजकुराची वाट: शीर्षकानंतरची लगेचची ओळ म्हणजे मजकूर, मग त्यात काहीही लिहिलेलं असो, अगदी ‘ओके’सुद्धा. तेवढी एकच ओळ घ्यायची, तिच्यानंतरच्या सोडून द्यायच्या, खण पुसायचा आणि मोकळं व्हायचं. प्रत्येक अवस्थेला पाच सेकंदांची मुदत; उत्तर नाही आलं तर परत मोकळा.

एकच ओळ घेण्यावर माझा जोर आहे त्याला कारण आहे. मेसेजचा मजकूर दोन-तीन ओळींचाही असू शकतो. थेट मजकुराच्या पद्धतीत कुणी दुसऱ्या ओळीवर मुद्दाम ‘+सीएमटी:’ आणि मालकाचा नंबर लिहिला आणि तिसऱ्यावर ‘स्टार्ट’, तर भोळा प्रोग्राम तो मालकाचाच नवा मेसेज समजेल. ‘सीएमजीआर’मध्ये आपण विचारलेल्या एका प्रश्नाला एकच शीर्षक मान्य करतो, म्हणून ही फट राहत नाही.

नंबर काढताना स्वल्पविराम मोजू नका, अवतरणचिन्हं मोजा. तारीख-वेळेच्या आतच एक स्वल्पविराम असतो. सिमच्या फोनबुकमध्ये नाव असेल तर तेही मधल्या रकान्यात येतं. मग नंबरातले फक्त आकडे घेऊन शेवटचे दहा जुळवा, म्हणजे +९१ आणि पुढचा शून्य यांचा गोंधळ संपतो. दहापेक्षा कमी आकडे निघाले तर पाठवणारा कंपनीच्या अक्षरी नावाचा आहे. पुसा आणि पुढे चला.

शब्द जुळवणं

मोटर आपोआप चालू होण्याचा किस्सा. ओतूरकडचा एक डबा दुपारी स्वतःहून चालू व्हायचा. कोडमध्ये मजकुरात ‘ऑन’ ही रोमन दोन अक्षरं कुठेही सापडली की मोटर चालू, असं लिहिलेलं होतं आणि नंबर तपासलेलाच नव्हता. जाहिरातीच्या इंग्रजी मेसेजमध्ये ती दोन अक्षरं नसतील असं होतच नाही. महिना, फोन, ऑफर ऑन रिचार्ज, सगळ्यांत ती आहेत. त्या दिवसांत विहिरीला पाणी कमी होतं. कोरडी चालून मोटर जळाली असती.

म्हणून ‘स्ट्रस्ट्र’ने (मजकुरात कुठेही तुकडा शोधणारं फंक्शन) शोधू नका, पूर्ण शब्द जुळवा. त्याआधी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा, कारण फोनचा कीबोर्ड शब्द सुचवताना मागे स्पेस टाकतो आणि पहिलं अक्षर मोठं करतो. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करणारी तुलना वापरा. एवढ्याने ‘दिसतं पण जुळत नाही’ हे लक्षण गेलंच पाहिजे.

मराठीत मेसेज करू द्या. घरातल्या आजोबांना ‘चालू’ आणि ‘बंद’ लिहिता आलं तर डब्याचा उपयोग दुप्पट होतो. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर किंवा इमोजी असला तरी पूर्ण मेसेज यूसीएस२मध्ये येतो, १६०ऐवजी ७० अक्षरांची मर्यादा लागते, आणि मोडेम तो हेक्समध्ये दाखवतो. त्याला उलगडत बसायची गरज नाही, माळच जुळवा: ‘चालू’ म्हणजे ०९१ए०९३ई०९३२०९४२ आणि ‘बंद’ म्हणजे ०९२सी०९०२०९२६. ‘चालु’ असं ऱ्हस्व लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी शेवटचे चार ०९४१ धरून ती माळही यादीत ठेवा. मागे ००२० आलं तर ती स्पेस आहे. ‘एटी+सीएसडीएच=१’ दिलं तर शीर्षकात अक्षरपद्धतीचा रकानाही येतो; त्यात ८ असेल तर यूसीएस२, म्हणजे अंदाज बांधायला नको.

शिळा मेसेज

मेसेज म्हणजे पत्र आहे, फोन नव्हे. मोडेम बंद असेल तर मेसेज केंद्र पत्र सांभाळून ठेवतं आणि मोडेम उठल्यावर हातात देतं, कधी कधी बऱ्याच तासांनी. शीर्षकातली वेळ ही केंद्राने शिक्का मारलेली वेळ असते. तिच्या शेवटी +२२ असतं, म्हणजे २२ पाव-तास, आपले साडेपाच तास. ‘एटी+सीएलटीएस=१’ने मोडेमचं घड्याळ नेटवर्कवरून लावून घ्या, ‘एटी+सीसीएलके?’ने वेळ विचारा, आणि दहा मिनिटांपेक्षा जुना ‘स्टार्ट’ नाकारा. नेटवर्क घड्याळ देत नसेल तर छोटं आरटीसी (वेगळं घड्याळ) बसवा. ‘स्टॉप’ मात्र कितीही जुना असला तरी माना. मोटर उगाच बंद झाली तर पाणी थांबतं, उगाच चालू झाली तर त्या वेळी विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून प्रत्येक वेळी काम झाल्यावर उलट मेसेज पाठवा आणि स्टार्टरवर ‘ही मोटर आपोआप चालू होते’ अशी पाटी लावा.

इथे थांबा

मोटर बंद होताना मोडेम रीसेट होत असेल, तर कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला मोटर जोडणारा स्विच) कॉइलचा झटका विजेच्या तारांतून आत येतोय. आर्डुइनोच्या बाजूला कपॅसिटर लावणं, डबा स्टार्टरपासून फूट-दोन फूट लांब बसवणं, तारा वेगळ्या नेणं, इथपर्यंत तुमचं काम. कॉइलवर स्नबर (हा झटका शोषणारा भाग) लावायचा तर स्टार्टर उघडावा लागतो, आणि रिलेच्या पलीकडे तीन फेजचे ४१५ व्होल्ट आहेत. तिथे परवानाधारक वायरमन बोलवा. आठ वर्षं कोड लिहिणाऱ्यानेही तिथे हात घालायचा नाही. डबा ओला झाला असेल, पत्र्याला हात लागून झिणझिण्या येत असतील, तर काहीही न शिवता लांब व्हा आणि त्यालाच बोलवा. डीपीवर फ्यूज गेला असेल तर लाइनमन, दुसरं कोणी नाही.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, चांगली अँटेना, पक्की वीज आणि तरी सीआरईजी ०,३च देतोय, किंवा मोडेम हाताला चटका बसेल इतका तापतोय, तर तो बदला. त्याचा आयएमईआय (मोडेमचा ओळख क्रमांक) बदलून देतो म्हणणारे भेटतील. तो कायद्याने गुन्हा आहे, त्या फंदात पडू नका.

दुरुस्तीवाल्याकडे डबा नेताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: जागेवरचा सीएसक्यूचा आकडा, सीबीसीने दाखवलेले मिलिव्होल्ट, आणि बिघाड झाला तेव्हाच्या कच्च्या ओळी, हेक्ससकट. सिम काढून ठेवू नका, त्याच सिमसह न्या.